रिपल रॉक : समुद्राखालून लावलेला सुरुंग

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामध्ये सेमूर नॅरोज नावाची एक अरुंद सामुद्रधुनी आहे. रुंदी पाऊण किलोमीटरच्या आसपास. भरती-ओहोटीला इथल्या पाण्याचा वेग पंधरा नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. कोकणात खाडीच्या मुखाशी ओहोटीत होडी बाहेर काढणाऱ्याला पाण्याची ओढ काय असते ते माहीत असते. इथली ओढ त्याच्या कितीतरी पट आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर १७९२ मध्ये या भागात आला, तेव्हा त्याने हा जगातल्या अत्यंत ओंगळ जलमार्गांपैकी एक ठरवला होता.

याच वाटेच्या मधोमध पाण्याखाली दोन शिखरांचा एक डोंगर उभा होता, रिपल रॉक. ओहोटीला त्याच्या उंच शिखरावर जेमतेम २.७ मीटर पाणी असे. वेगाने येणारा प्रवाह त्या शिखरांवर आदळून फुटायचा, वळायचा, आणि भोवरे तयार व्हायचे. त्यामुळे जहाज प्रत्यक्ष खडकावर चढले नाही तरी भोवऱ्यात सापडून तोंड फिरवायचे आणि मग खडकाकडे किंवा किनाऱ्याकडे ओढले जायचे. १८७५ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘सारानाक’ ही वाफेवरची युद्धनौका अलास्काकडे जाताना इथे बुडाली. तेव्हापासून १९५८ पर्यंत वीस मोठी आणि शंभराच्या आसपास लहान जहाजे इथे बुडाली किंवा मोडली, आणि किमान ११० माणसांचा जीव गेला. अलास्काला जाणारा किनाऱ्याकाठचा आडोशाचा मार्ग इथूनच जातो, त्यामुळे ही वाट सोडून देणेही शक्य नव्हते.

हा कातळ काढायचा कसा, हा प्रश्न सोडवायला सरकारी शिफारशीपासून पंचवीसहून अधिक वर्षे लागली. ब्लास्टिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा नीट वाचावे असे मला मनापासून वाटते. यातला स्फोट प्रसिद्ध आहे, पण शिकण्यासारखे जास्त काही स्फोटाच्या आधी घडले.

खडक हटवावा अशी शिफारस एका आयोगाने १९३१ मध्ये केली. विरोधही झाला. व्हँकुव्हर बेट मुख्य भूमीला रेल्वेने जोडायचे झाले तर पुलाचा खांब उभा करायला हाच खडक उपयोगी पडेल, असे काही लोकांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष प्रयत्नांना सरकारची परवानगी मिळाली १९४२ मध्ये.

पहिला प्रयत्न १९४३ मध्ये झाला आणि तो अगदी सरळ विचारातून आला होता. खडक पाण्याखाली आहे, तर वर तराफा आणा, तराफ्यावरून छिद्रे पाडा, स्फोटके भरा, बाजूला व्हा आणि उडवा. बंदरात गाळाखालचा कातळ अशाच रीतीने फोडतात. सुमारे ४६ मीटर लांबीचा ड्रिलिंगचा तराफा आणला गेला. तो जागेवर धरून ठेवायला ३.८ सेंटिमीटर जाडीचे सहा पोलादी दोर होते आणि त्यांच्या टोकाला मिळून जवळजवळ हजार टन वजनाचे नांगर. तरीही सरासरी दर ४८ तासांनी एक दोर तुटत होता.

पाण्याखाली छिद्र पाडताना ड्रिलची सळई एका टोकाला कातळात रुतलेली असते आणि दुसऱ्या टोकाला तराफ्यावरच्या यंत्रात. तराफा हातभर सरकला तरी सळई वाकते, अडकते किंवा मोडते. आणि छिद्र पुन्हा सापडवणे हे पाण्याखाली वेगळेच काम होऊन बसते. शिवाय वेगाच्या प्रवाहात ताणलेला दोर सतत थरथरत असतो, आणि थरथरणारे पोलाद आतून थकते. म्हणजे दोर आणखी जाड केला असता तर फार तर अठ्ठेचाळीसचे साठ-सत्तर तास झाले असते. हे काम सोडून द्यावे लागले.

१९४५ मध्ये दुसरा प्रयत्न झाला. या वेळी सामुद्रधुनीवरून वरच्या वर दोन जाड पोलादी तारा ओढल्या आणि तराफा त्यांना अडकवला. पंधराशे स्फोटांची योजना होती. त्र्याण्णव झाल्यावर काम थांबले.

या दोन्ही प्रयत्नांत स्फोटकांचा किंवा कातळाचा दोष काढायला जागा नाही. जे त्र्याण्णव स्फोट झाले ते व्यवस्थित झाले. अडचण होती ती पाय रोवून उभे राहायला जागा नसण्याची. तराफ्यावरून काम करायचे म्हटले की भरती-ओहोटी प्रत्येक दिवसाच्या कामाचे तास ठरवणार, प्रवाह प्रत्येक छिद्राची जागा हलवणार, आणि पंधराशे वेळा हाच झगडा करावा लागणार. ज्या जागेतून कामावर ताबा राहत नाही, तिथे कितीही कुशल माणूस नेमला तरी तो दमतो.

१९५३ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एका वेगळ्या कल्पनेची शक्यता तपासायला घेतली. पाण्यावरून जायचेच नाही. शेजारच्या मॉड बेटावर कोरड्या जमिनीतून विहिरीसारखा उभा शाफ्ट खाली न्यायचा, समुद्रतळाच्या खालून आडवा बोगदा काढायचा, रिपल रॉकच्या बुडाशी पोहोचायचे आणि तिथून शिखरांच्या पोटात वर चढायचे. स्फोटके आतून भरायची. थोडक्यात, जो प्रश्न इतकी वर्षे बंदर-अभियंत्यांकडे होता तो खाणवाल्यांकडे सोपवायचा. आराखड्याचे काम डॉलमेज अँड मेसन या सल्लागार कंपनीला मिळाले. त्यातले व्हिक्टर डॉलमेज हे भूवैज्ञानिक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कंत्राट तीन कंपन्यांना मिळून दिले गेले आणि त्यातली एक, बॉयल्स ब्रदर्स, ही ड्रिलिंगचीच कंपनी होती.

नोव्हेंबर १९५५ मध्ये काम सुरू झाले. तीन पाळ्यांत सरासरी ७५ माणसे. मॉड बेटावरचा शाफ्ट १७४ मीटर खोल गेला. त्याच्या तळापासून ७६२ मीटर लांबीचा आडवा बोगदा रिपल रॉकच्या मुळाशी पोहोचला. तिथून दोन्ही शिखरांत एकेक उभी वाट, ९१ मीटरची, खालून वर काढली गेली.

खालून वर खोदत जाणे खाणीत नवे नाही. धातूच्या भूमिगत खाणींत खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्याकडे अशा वाटा नेहमी काढतात, कारण फुटलेला माल आपोआप खाली पडतो. पण तिथे वर दुसरा मजला असतो. इथे वर प्रशांत महासागराचे पाणी होते. वर जाताना एखादी भेग लागली आणि ती समुद्रापर्यंत पोहोचलेली असली, तर पाणी पूर्ण दाबाने आत येणार आणि खालच्या माणसांना बाहेर पडायला पाऊण किलोमीटरचा बोगदा आणि त्यापुढे शाफ्ट. म्हणून अशा कामात पुढे लांबवर बारीक छिद्र पाडून कातळ आधी चाचपतात, पाणी लागले तर सिमेंट भरतात, आणि मगच पुढचा सुरुंग लावतात. शेवटच्या मीटरांत तर सुरुंगही लहान लावावे लागतात. शेजारचा कातळ भेगाळला तर आपणच समुद्राला वाट करून देऊ. एकीकडे हजार टनांहून अधिक स्फोटकांची तयारी आणि दुसरीकडे रोजच्या कामात हात आखडून काही किलो वापरणे, अशी ती दोन-अडीच वर्षे होती.

त्या परिसरातला कातळ मुख्यतः प्राचीन बेसॉल्ट आहे, समुद्रात ओतल्या गेलेल्या प्रचंड लाव्ह्याचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा तो वयाने खूप मोठा भाऊ म्हणता येईल. ज्याने शेतातल्या विहिरीला सुरुंग लावताना घट्ट काळ्या दगडावर ड्रिल चालताना पाहिले आहे, त्याला या कामाचा अंदाज येईल.

शिखरांच्या आत पोहोचल्यावर उभ्या वाटांपासून बाजूंना लहान, माणूस वाकून जाईल असे बोगदे काढले. इंग्रजीत त्यांना ‘कोयोटी’ म्हणतात. कोयोटी हा उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी, आणि बिळासारखे बोगदे म्हणून ते नाव. नळीसारख्या छिद्रांऐवजी अशा बिळांमध्ये स्फोटके रचायची, ही जुनी पद्धत आहे. मराठीत तर ‘सुरुंग’ या शब्दाचाच मूळ अर्थ भुयार. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायची, म्हणून दारूलाही सुरुंग म्हणू लागले. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याखाली असेच सुरुंग लावले होते. पहिला आत उडाला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही जिवंत निघाले. दुसरा मात्र बाहेरच्या बाजूला फुटला आणि हल्ल्याला सज्ज उभी असलेली मोगल फौजच दगडांखाली सापडली. स्फोटातले वायू ज्या बाजूला अडथळा सर्वांत कमी त्या बाजूला जातात, हा नियम तिथे माणसांच्या जिवावर उमगला. आज आपण त्याच गोष्टीला बर्डन (स्फोटके आणि मोकळी बाजू यांच्यामधला कातळ) आणि मोकळी बाजू म्हणतो आणि कागदावर आधी मांडतो. रिपल रॉकच्या शिखरांच्या आत ती बिळे कुठे, वरच्या पाण्यापासून आणि दोन्ही उतारांपासून किती अंतरावर काढायची, यावर सगळे अवलंबून होते. जाड बाजू राहिली तर तिथे सुळका उरणार, पातळ राहिली तर सगळा जोर तिथूनच निसटणार.

आता स्फोटके किती, या प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

शेवटी भरली गेली १,२७० मेट्रिक टन ‘नायट्रामेक्स २एच’. असाच कातळ जमिनीवर उडवायला जेवढी लागली असती त्याच्या दहापट, असा त्या वेळचा अंदाज होता. स्फोटाने हललेला कातळ आणि पाणी मिळून सुमारे ६,३५,००० टन होते. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा कातळाचा धरला तर टनाला साडेतीन किलोंच्या वर स्फोटके पडतात, घनमीटरच्या हिशेबात जवळजवळ दहा किलो. उघड्या खाणीत बेंच, म्हणजे पायरीसारखा कापलेला कातळाचा थर, फोडताना हाच आकडा टनाला अर्ध्या किलोच्या आत राहतो, आणि तो वाढला की खाणीचा व्यवस्थापक जाब विचारतो. मग इथे एवढी उधळण का?

पाण्याचे वजन हे एक कारण. जमिनीवर फुटलेला दगड हवेत फुगतो, पसरतो. पाण्याखाली त्याला पसरण्याआधी पाणी ढकलावे लागते. स्वीडनमध्ये पुढे पाण्याखालच्या ब्लास्टिंगसाठी एक ढोबळ नियम रूढ झाला: उभ्या छिद्रांसाठी घनमीटरला एक किलोपासून सुरुवात करा, पाण्याच्या प्रत्येक मीटरला ०.०१ किलो, वर गाळ असेल तर त्याच्या प्रत्येक मीटरला ०.०२ आणि बेंचच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला ०.०३ किलो वाढवा. म्हणजे नेहमीच्या पाण्याखालच्या कामातही जमिनीपेक्षा कितीतरी जास्त लागते. पण या नियमाने दहा मीटरच्या बेंचवर दहा मीटर पाणी असताना उत्तर येते दीड किलोच्या आत. रिपल रॉकचे दहा किलो त्याने उलगडत नाहीत.

उलगडा होतो तो स्फोटानंतरच्या कामाचा विचार केला की. खाणीत ब्लास्टिंग हा एक टप्पा असतो. नंतर माल उचलणारे शॉव्हेल येते, डंपर येतात, मोठे धोंडे राहिले तर ते पुन्हा फोडतात, तळाला उंचवटा राहिला तर पुढच्या वेळी खाली थोडी जास्त भरतात. ब्लास्टिंगची चूक पुढचा माणूस निस्तरतो. सेमूर नॅरोजमध्ये पुढचा माणूस नव्हता. ज्या पाण्यात तराफा टिकत नाही, त्यात गाळ उपसणारे जहाज कुठून टिकणार? त्यामुळे याच स्फोटाने कातळ फोडायचा होता, बारीक करायचा होता, उचलायचा होता आणि दोन्ही बाजूंच्या खोल पाण्यात नेऊन टाकायचाही होता. शॉव्हेल आणि डंपर यांचे कामही स्फोटकांनाच दिले होते. आणि एकदा उडवल्यावर बोगदा, उभ्या वाटा सगळे समुद्रात जाणार. दुसरी संधी नाही. या दृष्टीने पाहिले की दहापट हा आकडा भित्रेपणाचा वाटत नाही. स्फोटानंतर जे जे करता येणार नव्हते त्या सगळ्याची किंमत त्या आकड्यात होती.

आजही मी कुठला ब्लास्ट डिझाइन पाहतो तेव्हा पावडर फॅक्टर, म्हणजे टनाला किंवा घनमीटरला किती स्फोटके हा आकडा, वाचण्याआधी विचारतो, की नंतर उचलायला काय आहे? त्याशिवाय तो आकडा योग्य की अयोग्य हे सांगताच येत नाही.

स्फोटकाच्या निवडीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ती वर्षे या धंद्यात मोठ्या उलथापालथीची होती. नायट्रामेक्सचा पाया अमोनियम नायट्रेटचा. हे खत म्हणून साधे वाटणारे मीठ काय करू शकते हे १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सस सिटीच्या बंदरात जगाने पाहिले होते. ‘ग्राँकाँ’ जहाजातला साठा पेटून स्फोट झाला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका कोळसा कंपनीत रॉबर्ट अकर यांनी त्याच खतात काजळी-कोळसा मिसळून स्वस्त स्फोटक बनवले, आणि लवकरच त्या जागी डिझेल आले. आपण आज जिला ॲन्फो म्हणतो ती हीच वाट. पण ॲन्फोला पाणी सोसत नाही. ओल्या छिद्रात ती विरघळून मरते. पाणी सोसणारी स्लरी, म्हणजे दाट लगद्यासारखे स्फोटक, मेल्विन कुक यांनी १९५६ च्या अखेरीस कॅनडातल्याच नॉब लेकच्या लोहखाणीत वापरून पाहिली. म्हणजे रिपल रॉकचा बोगदा खोदला जात असताना धंद्याची पुढची दोन पावले शेजारीच पडत होती. पण समुद्राखालच्या दमट बोगद्यात महिनाभर पडून राहायचे आणि मग एकाच क्षणी नक्की उडायचे, अशा कामाला नवा, अजून हाताखालून न गेलेला माल वापरणे धोक्याचे ठरले असते. खात्रीचे स्फोटक निवडले गेले, ते योग्यच झाले.

५ एप्रिल १९५८. भोवतालचा जवळजवळ पाच किलोमीटरचा परिसर पोलिसांनी रिकामा केला होता. अभियंते आणि टीव्हीचे लोक बंकरमध्ये होते. सकाळी ९ वाजून ३१ मिनिटे २ सेकंदांनी कळ दाबली गेली. कातळ आणि पाणी किमान ३०० मीटर उंच उसळले, दोन्ही किनाऱ्यांवर दगड पडले. कॅनडाभर ते टीव्हीवर थेट दिसले. सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या कॅम्पबेल रिव्हर गावात लोकांनी भूकंपाची आणि मोठ्या लाटेची धास्ती घेतली होती. तसे काही झाले नाही. माणूस एकही दगावला नाही.

तो ‘२ सेकंद’चा तपशील मला आवडतो. भूकंपशास्त्रज्ञाला भूकंपाची जागा आणि वेळ दोन्ही लहरींवरून उलट शोधून काढावी लागते. इथे दोन्ही आधीच ठाऊक होत्या, म्हणून दूरवरच्या यंत्रांवर नोंदल्या गेलेल्या लहरी भूकवचाच्या अभ्यासाला कामी आल्या. एका जहाजवाटेसाठी लावलेल्या सुरुंगाने पृथ्वीच्या पोटाचीही थोडी माहिती दिली.

स्फोटानंतर पाण्याची खोली मोजली गेली. जिथे ओहोटीला २.७ मीटर पाणी असे, तिथे सुमारे १४ मीटर झाले. दुसऱ्या शिखरावर त्याहून थोडे जास्त. खर्च तीस लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. मासळीचा प्रश्न मात्र आज पहिल्या पानावर येईल. पाण्याखालच्या स्फोटाच्या दाबलहरीने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फाटते, आणि हे पाणी तर साल्मनच्या वाटेवरचे. आता अशा कामांत हवेच्या बुडबुड्यांचा पडदा लावतात, आणि स्फोट लहान भागांत, काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. आज हेच काम निघाले तर इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरनी ते तसेच होईल.

खालून जाऊन शेवटचा कातळ उडवण्याची जातकुळी आपल्याकडेही आहे. कोयनेच्या शिवाजीसागरात १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी लेक टॅपिंग झाले, तेव्हा जलाशय रिकामा न करता बोगदा खालून तळाशी नेला होता आणि मध्ये राखलेली कातळाची शेवटची गुडदी स्फोटाने उडवली. पण तिथला हिशेब जवळजवळ उलटा. कोयनेत फुटलेला दगड खाली, त्याच्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात पडायला हवा होता आणि बोगद्याच्या तोंडाचा आकार शाबूत राहायला हवा होता, कारण पुढे वर्षानुवर्षे तिथून पाणी जायचे होते. त्यामुळे तिथे आजूबाजूचा कातळ राखणारा, मोजूनमापून लावलेला स्फोट हवा. रिपल रॉकमध्ये राखायचे काहीच नव्हते. दोन्हीकडे वर पाणी, खाली माणसांनी केलेली वाट आणि मध्ये शेवटचा कातळ. तरी एकाचा आकडा दुसरीकडे नेला तर काम बिघडेल.

सेमूर नॅरोजमधली शिखरे गेली, प्रवाह मात्र राहिला. भरतीचे पाणी आजही त्या चिंचोळ्या वाटेतून तेवढ्याच जोराने जाते. २९ जून १९८४ रोजी ‘सनडान्सर’ हे प्रवासी जहाज इथे मॉड बेटाला धडकले. म्हणजे ज्या बेटातून तो शाफ्ट खाली नेला होता त्याच बेटाला. जहाज जवळच्या डंकन बेमध्ये नेले, प्रवासी उतरवले गेले, पण ‘सनडान्सर’ या नावाने ते पुन्हा कामाचे राहिले नाही. अलास्काकडे जाणारी मोठी जहाजे अजूनही भरती-ओहोटीचे तक्ते पाहून, पाणी थांबते तेवढा थोडा वेळ गाठूनच ही वाट ओलांडतात.